सध्या ऐकत असलेलं गाणं दुसऱ्याला कसं पाठवावं : पायरीपायरीने

‘सध्या हे ऐकतोय, भारी आहे’ एवढं लिहून खाली निळी लिंक. घरच्या नाहीतर मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असे निरोप रोज पडतात. त्यावर दोन अंगठे येतात, एखादे जोडलेले हात येतात, आणि गाणं कुणीच ऐकत नाही. पाठवणाऱ्याची समजूत होते की लोकांना आता गाण्याची आवडच उरली नाही. आवड असते हो, पण पाऊण तासाचा व्हिडिओ कुठून ऐकायचा आणि कशासाठी, हे माहीत नसताना कोण उघडणार?

इथली उदाहरणं मुख्यतः शास्त्रीय, नाट्यसंगीत आणि भावगीतांची आहेत, कारण सगळ्यात जास्त घोटाळे तिथेच होतात: एकच पद पाच जणांनी गायलेलं असतं आणि प्रत्येकाचं वेगळं. रॅप किंवा कोरियन पॉप पाठवायचं असलं तरी क्रम हाच ठेवा. लोक नेमका उलटा क्रम धरतात. आधी लिंक पाठवतात, मग माणसाचा विचार, आणि काय आवडलं ते समोरच्याने विचारलं तरच शोधतात.

पायरी १ : पाठवण्याआधी स्वतः पुन्हा ऐका

आवडलं त्या क्षणी पाठवायची घाई होते. ती आवरा. दुसऱ्यांदा ऐकताना हाताशी कागद ठेवा आणि प्लेअरवरच्या मिनिट-सेकंदांवर नजर असू द्या. तीनच गोष्टी टिपायच्या: कान नेमके कुठे टवकारले, तिथे गाणारा किंवा वाजवणारा काय करतो, आणि तिथवर पोचायला किती वेळ लागतो.

‘काय करतो’ हे लिहायला शास्त्र यावं लागत नाही. ‘इथे तबला थांबतो आणि ती एकटीच गाते’ एवढंही पुरतं. ‘तोच शब्द चौथ्यांदा म्हणताना शेवटचं अक्षर हळूच खाली सोडतो’ असं लिहिलंत, तर समोरचा ते अक्षर शोधत बसेल, आणि आपल्याला तेच हवं आहे.

मग हेडफोन काढून तोच तुकडा फोनच्या स्पीकरवर लावा. समोरचा बहुधा तसाच ऐकणार आहे. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून खालचे स्वर नीट निघत नाहीत. डग्ग्याचा घुमारा, तानपुऱ्याचा खर्ज, बास गिटार, सगळं विरून जातं. तुम्हाला भावलेली गोष्ट त्यातच असेल, तर निरोपात ‘हेडफोन लावून ऐक’ हे लिहायलाच हवं.

*तपासणी:* यात काय आवडलं ते एका साध्या वाक्यात सांगता येतंय का? ‘अप्रतिम’, ‘अंगावर काटा’, ‘शब्दच नाहीत’ ही उत्तरं धरायची नाहीत. वाक्य सापडेपर्यंत पुढची पायरी नको.

पायरी २ : नेमकं कोणतं ध्वनिमुद्रण, ते ठरवा

सगळ्यात जास्त चुका या पायरीवर होतात, म्हणून इथे थोडं रेंगाळू.

‘सध्या गीतरामायण ऐकतोय.’ कोणतं? १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला एक अशी ही ५६ गीतं सुरू झाली, तेव्हा ती वेगवेगळ्या गायक-गायिकांनी म्हटली होती. पुढे सुधीर फडक्यांनी सगळी स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केली आणि घरोघरी तीच पोचली. तुम्ही रेडिओवरचं, माणिक वर्मांच्या आवाजातलं ऐकून हरखला असाल आणि नुसतं नाव कळवलंत, तर समोरचा बाबूजींचं, म्हणजे फडक्यांचं, लावेल. त्यालाही ते आवडेल, पण तुम्ही दोघं वेगवेगळ्या गाण्यांबद्दल बोलत राहाल.

‘घेई छंद मकरंद’चं तर विचारूच नका. १९६७ च्या ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकातच हे पद दोन चालींत येतं. त्यावर २०१५ च्या चित्रपटातलं, मैफलींतलं, आणि स्पर्धांच्या मंचावरचं. वसंतराव देशपांड्यांचं म्हणायचं असेल, तर नाव लिहा आणि लिंकही त्याचीच द्या. पदाचं नाव सांगून ‘यूट्यूबवर आहे, सर्च कर’ म्हटलं की काय हाती लागेल याचा नेम नाही.

ध्वनिमुद्रण ओळखायला चार खुणा पुरतात: गाणारा किंवा वाजवणारा, स्टुडिओतलं की मैफलीतलं, साथीला कोण, आणि लांबी. लांबीकडे दुर्लक्ष करू नका. जुन्या ७८ आरपीएम तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची. केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी १९७७ मध्ये अंतराळात सोडलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली. तीही साधारण तेवढीच आहे, आणि तेवढीच पूर्ण आहे. नवख्या माणसाला वाटतं की हा मोठ्या गाण्याचा कापलेला तुकडा. ‘पूर्ण रेकॉर्ड एवढीच आहे’ हे दोन शब्दांत कळवून टाका.

आता सापळे.

- वेग बदललेली गाणी. ‘स्लोड अँड रिव्हर्ब’ असं शीर्षकात असेल तर मूळ गाणं मंद करून, घुमवून चढवलेलं असतं. तुम्हाला तसंच आवडत असेल तर खुशाल पाठवा, पण तसं सांगा. जुन्या तबकड्या उतरवताना वेग चुकल्यामुळे पट्टी सरकलेली ध्वनिमुद्रणंही भरपूर आहेत. आवाज चिमण्यासारखा वाटला तर दुसरी प्रत शोधा.
- झंकार बीट्स. जुन्या हिंदी गाण्यांवर मागाहून ढोलक आणि ड्रम चढवलेल्या आवृत्त्या. शीर्षकात असतंच असं नाही. गाण्याच्या पहिल्या दहा सेकंदांत कळतं.
- नकली आवाज. दिवंगत गायकाच्या आवाजात नवं सिनेगीत दिसलं, की वर्णनाची चौकट उघडून वाचा. संगणकाने बनवलेला आवाज ‘दुर्मिळ’ म्हणून पुढे ढकलला जातो आणि ढकलणाऱ्याची शोभा होते.
- चुकीचा राग. अपलोड करणाऱ्याने लिहिलेला राग बरोबर असेलच याची खात्री नसते. स्वतःला ओळखू येत नसेल तर राग लिहूच नका. बंदिशीचे, म्हणजे रागात बांधलेल्या गीताचे, पहिले शब्द लिहा. ते तुम्ही कानांनी ऐकलेले असतात.

*तपासणी:* निवडलेली प्रत अगदी शेवटपर्यंत वाजवून बघा. अर्ध्यात तुटलेली, शेवटी जाहिरात चिकटवलेली, डाव्या कानातच वाजणारी अशी प्रत पहिल्या मिनिटात उघडी पडत नाही.

पायरी ३ : माणूस ठरवा, आणि एकच

ग्रुपवर टाकलेलं गाणं कुणालाच टाकलेलं नसतं. सुप्रभात, गुलाब आणि सोसायटीच्या पाण्याच्या टँकरची सूचना यांच्या मधे ते वाहून जातं. एका माणसाला पाठवा. दोघांना पाठवायचं असेल तर दोन वेगळे निरोप लिहा.

जो स्वतः शिकलेला आहे त्याला अख्खं ध्वनिमुद्रण द्या आणि गप्प बसा, त्याला मिनिटं सांगायला जाऊ नका. ज्याने ख्याल कधी ऐकलेला नाही, त्याला विलंबित, म्हणजे संथ लयीतलं, देऊ नका. द्रुत (जलद लयीतली) बंदिश, तराणा किंवा नाट्यपद द्या, आठ मिनिटांच्या आतलं. रोज मुंबई-पुणे गाडी हाकणाऱ्याला मात्र पाऊण तासाचं चालतं, किंबहुना तेच बरं. आणि ‘भीमसेननंतर कोणी नाही’ म्हणणाऱ्या काकांना नवा गायक थेट पाठवाल तर तो ऐकण्याआधीच बाद होईल. त्यांच्या आवडीचाच राग किंवा तोच अभंग दुसऱ्याच्या गळ्यातून पाठवा. तुलना करायच्या निमित्ताने ते पूर्ण ऐकतात, आणि फोनही करतात.

*सावध:* शब्द नीट ऐका. हंस एकटा उडून जाण्याबद्दलचं निर्गुणी भजन तुम्हाला चालीसाठी आवडलेलं असेल, पण ज्यांच्या घरी नुकतंच कोणी गेलंय तिथे ते विचार न करता पाठवू नये. काहींना तेच हवं असतं. ठाऊक नसेल तर महिनाभर थांबा.

पायरी ४ : कुठून ऐकायचं ते सांगा

किशोरी आमोणकरांचा भूप राग घ्या. लोक ‘सहेला रे’ म्हणून त्या ध्वनिमुद्रणाची लिंक पाठवतात. उघडणाऱ्याला आधी विलंबित ऐकू येतं, ‘प्रथम सूर साधे’. तो ‘सहेला रे’ची वाट बघतो, दोन मिनिटं, चार मिनिटं, आणि बंद करतो. ‘सहेला रे’ ही त्यानंतरची द्रुत बंदिश, आणि तिथवर पोचायला बराच वेळ आहे. पाठवणाऱ्याने एक आकडा लिहिला असता तर काम झालं असतं.

संगणकावर यूट्यूब उघडून हव्या त्या जागी थांबवा, ‘शेअर’ दाबा आणि ‘स्टार्ट ॲट’च्या चौकटीत खूण करून मग लिंक उचला. फोनवरून पाठवत असाल तर वेळ निरोपात लिहा: ‘अमुक मिनिटांपासून ऐक.’ आवडलेल्या जागेच्या अगदी तोंडाशी नेऊन सोडू नका. तीस-चाळीस सेकंद आधीपासून सुरू करा, म्हणजे ठेका कानात बसतो आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणं जाणवतं. नुसती तान कापून दिली तर ती कसरत वाटते.

*सावध:* संगणकाच्या ॲड्रेस बारमधून लिंक उचलली आणि तुमच्याकडे तेव्हा ‘मिक्स’ (यूट्यूबने आपोआप लावलेली गाण्यांची रांग) चालू असेल, तर ती सगळी यादी लिंकसोबत जाते. अभंग संपल्यावर समोरच्याकडे भलतंच सुरू होतं. लिंक नेहमी ‘शेअर’च्या बटणातूनच घ्या.

पायरी ५ : लिंक की फाईल?

शक्यतो लिंक, आणि तीही समोरच्याकडे जे ॲप असेल त्याची. स्पॉटिफाय नसलेल्याला स्पॉटिफायची लिंक पाठवली की बहुतेक वेळा आधी खातं उघडायला सांगितलं जातं आणि गाणं तिथेच राहतं. ज्येष्ठ मंडळींना यूट्यूबच बरं. एवढं लक्षात ठेवा की पैसे न भरता यूट्यूब वापरणाऱ्याचा फोन लॉक झाला की गाणं थांबतं. म्हणजे पाऊण तास स्क्रीन चालू ठेवून बसायचं. छोटं पाठवा म्हणतो त्याचं हेही एक कारण.

परदेशातल्या माणसाला पाठवताना एक अडचण येते. काही गाणी हक्कांच्या कारणाने ठरावीक देशांतच दिसतात. ‘उघडतंय का, एवढंच कळव’ असं विचारून ठेवा, आणि नसेल तर दुसऱ्या अधिकृत चॅनलवर शोधा.

आपल्या स्पीकरवर गाणं लावून ते व्हॉइस नोटमध्ये रेकॉर्ड करून पाठवू नका. ती सोय बोलण्यासाठी आहे, गाण्याचं त्यात भजं होतं. घरच्या कार्यक्रमातला, नात गातेय असा व्हिडिओ पाठवायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा. व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबला जातो, डॉक्युमेंट म्हणून मूळ फाईल जशीच्या तशी जाते.

आणि खासगी बैठकीची ध्वनिमुद्रणं. कुणीतरी विश्वासाने दिलेली असतात, ‘तुझ्यापुरतं ठेव’ म्हणून. कलाकार हयात असो वा नसो, ज्याने दिलं त्याला विचारल्याशिवाय पुढे पाठवायचं नाही. प्रसिद्ध झालेल्या तबकड्यांचं गणित वेगळं आहे. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. पण गीतकार-संगीतकारांचे हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतात, त्यामुळे ‘जुनं आहे, चालतंय’ हे दर वेळी खरं नसतं. लिंक पाठवली की हा प्रश्नच येत नाही.

पायरी ६ : निरोप लिहा

आधी बिघडलेला नमुना:

‘किशोरीताई!!! निव्वळ स्वर्गीय. आजकालच्या गाण्यांत हे कुठे? नक्की ऐका.’

यात गाण्याबद्दल काहीच नाही. शिवाय ‘आजकालच्या गाण्यांत’ म्हणून समोरच्याच्या आवडीवर एक टपली मारून ठेवलीय. आता हाच निरोप दुरुस्त करून:

‘मावशी, गेले काही दिवस किशोरीताईंचा भूप ऐकतेय. लिंक थेट ‘सहेला रे’पासून सुरू होईल. मुखडा परत परत येतो, तेव्हा ‘रे’वर त्या कशा कशा येतात ते बघ. तुझ्या पेटीवर सा रे ग प ध एवढेच स्वर धरून बघ, म आणि नि लागतच नाहीत. पहिली पाच मिनिटं ऐकलीस तरी पुरे, फक्त पोळ्या करताना नको.’

काय ऐकायचं, कुठून, कशाकडे कान लावायचा, किती वेळ लागेल, कधी ऐकायचं नाही, सगळं आलं. पेटीचा उल्लेख मावशीसाठीच आहे. तो काढला तर हाच निरोप कुणालाही पाठवता येईल, म्हणून तो काढायचा नाही.

लिहिताना नेहमी होणाऱ्या चुका:

- गायकाचं चरित्र, पुरस्कारांची यादी, घराण्याची वंशावळ. हे ऐकून झाल्यावर, आणि विचारलं तर.
- ‘राग ओळखा पाहू!’ समोरच्याची परीक्षा घेऊ नका. उत्तर येत नसलं की माणूस गाणंही उघडत नाही.
- एकदम सहा लिंका. एकही ऐकली जात नाही. यादीच करायची हौस असेल तर ॲपमध्ये पाच-सात गाण्यांची प्लेलिस्ट करून तिची एकच लिंक द्या, आणि सगळ्यात सोपं गाणं वर ठेवा.
- मजकूर एका निरोपात आणि लिंक दुसऱ्यात. पुढे पाठवताना दोघांची ताटातूट होते. दोन्ही एकत्र लिहा, आणि लिंकचं छोटं चित्र दिसू लागलं की मगच पाठवा.

*तपासणी:* निरोप मोठ्याने वाचा. तुम्ही त्या माणसाशी असं बोलता का? सासऱ्यांना ‘तुम्ही’ म्हणत असाल तर मित्राला लिहिलेला ‘ऐक रे’वाला मजकूर तसाच चिकटवू नका. ही चूक लोक सर्रास करतात.

पायरी ७ : वेळ पाळा

कामाच्या दिवशी सकाळी अकराला आलेलं गाणं संध्याकाळपर्यंत चाळीस निरोपांखाली गेलेलं असतं. रात्री जेवणं आटोपल्यावर किंवा रविवारी सकाळी पाठवा. न्यू जर्सीतल्या भावाला पाठवताना साडेनऊ तासांचा फरक धरा, तिकडच्या हिवाळ्यात साडेदहा.

जुन्या वळणाच्या श्रोत्यांसाठी रागाची वेळही बघा. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरातला. सकाळी सातला पाठवलात तर काही जण गाण्याआधी तेवढंच बोलून दाखवतील. मला स्वतःला दुपारी दोनलाही मारवा चालतो, पण ज्याला चालत नाही त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा संध्याकाळपर्यंत थांबणं सोपं.

पायरी ८ : पाठवल्यावर गप्प राहा

निळ्या खुणा दिसल्या की तासाभरात ‘ऐकलंस का?’ विचारू नका. तीन-चार दिवस जाऊ द्या. मग विचारायचंच तर नेमकं विचारा: ‘तो शेवटचा तराणा तुला फार भरभर वाटला का?’ ‘कसं वाटलं?’ला ‘छान’ एवढंच उत्तर येतं.

‘मला नाही आवडलं’ असं आलं तर समजावत बसू नका. काय खटकलं ते विचारा. आवाज? लांबी? पेटीचा कर्कशपणा? पुढचं गाणं निवडायला ‘छान’पेक्षा हे उत्तर जास्त उपयोगी पडतं. आणि त्याने उलट एखादं गाणं पाठवलं, तर ते पूर्ण ऐकून त्यातली एक जागा त्याला कळवल्याशिवाय तुमचं पुढचं पाठवायचं नाही.

पायरी ९ : कॉलवर एकत्र ऐकायचं असेल तर

लांब राहणारे आईवडील आणि मुलं हे करतात, आणि बहुतेक वेळा फसतं. लॅपटॉपच्या स्पीकरवर गाणं लावून माइकमधून ऐकवायला जावं, तर कॉलचं सॉफ्टवेअर सलग वाजणाऱ्या तानपुऱ्याला पंख्याच्या घरघरीच्या रांगेत बसवून दाबून टाकतं. गायकाचा लांबवलेला स्वरही मधेच गिळला जातो.

१. झूमवर स्क्रीन शेअर करताना ‘शेअर साउंड’वर खूण करा. गूगल मीटवर ब्राउझरचा टॅब शेअर करा आणि टॅबचा आवाज चालू आहे ना ते बघा.

२. कुणी प्रत्यक्ष गाऊन किंवा वाजवून दाखवणार असेल तर झूममधलं ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ चालू करा. मीटमध्ये नॉइज कॅन्सलेशन बंद करा.

३. हे जमत नसेल तर सगळ्यात भरवशाचा मार्ग असा: दोघांनी आपापल्या फोनवर तेच गाणं उघडायचं, जाहिरात संपेपर्यंत थांबून सुरुवातीला आणून ठेवायचं, ‘तीन, दोन, एक’ म्हणून एकदम चालू करायचं आणि कॉल म्यूट करायचा. एखाद्या सेकंदाचा फरक पडला तरी बिघडत नाही, एकमेकांचं ऐकू येत नसतंच.

४. गाणं चालू असताना दाद चॅटमध्ये लिहा. एकाने जरी माइक उघडला, तरी त्याच्याकडचं गाणं सेकंदभर मागून दुसऱ्याच्या कानात वाजायला लागतं आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून लावावं लागतं.